थोडंसं व्होल्टेज

मराठी मध्यमवर्गीय माणूस सहसा कुठलीच गोष्ट जास्त करत नाही. तो जास्त खात नाही, लग्नातलं जेवण सोडून. जास्त बोलत नाही, ऑफिसातली वेळ सोडून. आणि जास्त खर्च करत नाही, मुलांच्या क्लासची फी सोडून. पण 'थोडंसं' हा शब्द एकदा त्याच्या तोंडी बसला की तो कुठल्याही थराला जाऊ शकतो. थोडंसं कर्ज, थोडीशी साखर, गॅलरीचं थोडंसं पुढे घेतलेलं ग्रिल! आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या भानगडी या लहान शब्दापासून सुरू झालेल्या आहेत. या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे आणि तिच्याविरुद्ध मला आज रीतसर तक्रार नोंदवायची आहे. ती गोष्ट म्हणजे थोडंसं व्होल्टेज.

हे व्होल्टेज भिंतीतलं नव्हे, संगणकाच्या प्रोसेसरचं. घरच्या संगणकाच्या प्रोसेसरला कंपनीने एक वेग ठरवून दिलेला असतो. तो आपल्या हाताने वाढवण्याच्या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवल्यावर संगणक मधेच मान टाकायला लागला, की या क्षेत्रातले जाणकार एकमेकांना एकच सल्ला देतात : "थोडंसं व्होल्टेज वाढवून बघ." माझं म्हणणं असं की वाढवू नये. माझा भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही बी.कॉम., त्यातून बँकेत कारकून. तुम्हाला यातलं काय कळतं?" त्याला माझं उत्तर असं, की हा विषय दिसायला विजेचा असला तरी मुळात व्याजाचा आहे, आणि व्याजातलं मला कळतं.

आधी रक्कम किती मोठी आहे ते पाहू. भिंतीवरच्या बोर्डात २३० व्होल्ट असतात. संगणकाच्या खोक्यातला पॉवर सप्लाय त्याचे १२ व्होल्ट करतो. मदरबोर्डवरचे रेग्युलेटर त्या बाराचे सव्वाएक व्होल्ट करून प्रोसेसरच्या हवाली करतात. दिल्लीहून निघालेलं अनुदान ग्रामपंचायतीत पोचेपर्यंत जसं होतं, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे मधले लोक फारसं खात नाहीत. व्होल्ट कमी होतात तसे अँपियर वाढतात. प्रोसेसर १२० वॉट घेत असेल आणि व्होल्टेज १.२ असेल तर साधा भागाकार करा : १०० अँपियर! आपल्या न्हाणीघरातला दोन हजार वॉटचा गिझर नऊ अँपियरच्या आत भागवतो. म्हणजे अकरा गिझरना पुरेल एवढा प्रवाह टपालाच्या तिकिटाएवढ्या सिलिकॉनमधून वाहत असतो.

अशा ठिकाणी 'थोडंसं' म्हणजे किती? जाणकार मंडळी १.२० चे १.३५ करतात आणि म्हणतात, "केवळ ०.१५ तर वाढवले." २३० व्होल्टवर ०.१५ म्हणजे खरंच काही नाही. पण १.२० वर ०.१५ म्हणजे साडेबारा टक्के. साडेबारा टक्के वाढ मिळवायची म्हणजे काय काय करावं लागतं, किती निदर्शनं, किती काळ्या फिती आणि वाटाघाटींच्या किती फेऱ्या, ते आमच्या युनियनला विचारा. हे लोक कीबोर्डवरची एक कळ दाबून ती प्रोसेसरला देऊन टाकतात, तीही त्याने मागितलेली नसताना.

आता प्रोसेसरला व्होल्टेज लागतं कशाला? लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. यजमान घंटा घेऊन उभा आहे. एक टोला पडला की वाढप्यांनी एक पदार्थ वाढायचा आणि पुढचा टोला पडायच्या आत जागेवर हजर व्हायचं. प्रोसेसरमधलं घड्याळ हेच करतं. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर असेल तर सेकंदाला ४०० कोटी टोले. दर टोल्याच्या आत आकड्यांनी आपापल्या पानावर पोचलं पाहिजे. टोले जवळजवळ पडायला लागले की काही वाढपी वाटेतच सापडतात आणि कोणाच्या तरी पानात श्रीखंडावर मठ्ठा पडतो. याला उपाय दोन. पहिला, टोले पुन्हा सावकाश द्यायचे. दुसरा, वाढप्यांना कडक चहा पाजायचा. व्होल्टेज म्हणजे तो चहा. व्होल्टेज वाढलं की ट्रान्झिस्टर लवकर चालू-बंद होतात, हे शंभर टक्के खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. माझी तक्रार चहाच्या बिलाबद्दल आहे.

त्या बिलाचा नियम असा. वेग जितका वाढवाल तितकीच वीज वाढते. हे झालं सरळव्याज. पण व्होल्टेज वाढवलंत तर वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ही चक्रवाढीची सख्खी चुलतबहीण. माझ्या भाच्याने ४.० गिगाहर्ट्झचे ४.२ केले, म्हणजे पाच टक्के वाढ. त्यासाठी व्होल्टेज १.२० चं १.३५ केलं, म्हणजे सव्वाअकराऐवजी साडेबारा नव्हे, सरळ साडेबारा टक्के. आता १.१२५ ला १.१२५ ने गुणा, आले सुमारे १.२७. त्याला पुन्हा १.०५ ने गुणा, आले १.३३. पाच टक्के वेगासाठी तेहेतीस टक्के वीज! आणि यात गळती धरलेली नाही. व्होल्टेज आणि तापमान वाढलं की तीही वाढते. पाच टक्के मिळवण्यासाठी तेहेतीस टक्के द्यायला तयार असलेला माणूस आमच्या काउंटरवर कर्ज मागायला आला, तर आम्ही त्याला आधी खुर्ची देतो, मग पाणी देतो आणि मग हळूच घरच्यांचा फोन नंबर विचारतो.

हिशेब चोख हवा म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. विजेच्या बिलात याने फार मोठं भगदाड पडत नाही. शंभर वॉटचे १३३ झाले आणि संगणक रोज सहा तास पूर्ण जोराने राबला, तर महिन्याला सहा युनिट जास्त. तेवढ्याने कोणी रस्त्यावर येत नाही. पण ती वीज जाते कुठे? तिची उष्णता होते. मे महिन्यात दहा बाय दहाच्या खोलीत, दार लावून, पोरगं तो संगणक चालवतं, मग पंखा वाढवतं, मग आईकडे एसी मागतं. खरं नुकसान मात्र त्याहून आत, प्रोसेसरच्या पोटात होत असतं.

प्रोसेसरच्या आत धातूच्या अतिसूक्ष्म तारा असतात. त्यांतून धावणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना रेटत रेटत जागेवरून हलवतात. पावसाळ्यात ओढा काठ खात जातो तसं. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक या संशोधकाने १९६९ मध्ये त्याचं गणित मांडलं. त्याचं सार असं की प्रवाह दाटला आणि तापमान चढलं की तारेचं आयुष्य घटतं. व्होल्टेज वाढवलं की हे दोन्ही एकदम होतं. शिवाय ट्रान्झिस्टरमधलं काही अणूंच्या जाडीचं आवरण जास्तीच्या व्होल्टेजने झिजतं ते वेगळंच.

ही झीज एका दिवसात दिसत नाही, हीच तिची लबाडी. गेल्या वर्षी १.३५ व्होल्टवर सुखाने चालणारा प्रोसेसर या वर्षी त्याच वेगाला अडखळायला लागतो. जाणकार म्हणतात, "थोडंसं वाढव." मग १.३८ होतात. वाढप्यांना दर पंगतीला चहाचा आणखी एक कप लागतो. ठरावीक वेगाला कमीत कमी जेवढं व्होल्टेज लागतं, त्याला तांत्रिक भाषेत 'व्हीमिन' म्हणतात. आमच्या भाषेत मिनिमम बॅलन्स! व्होल्टेज जास्त देत राहिलं की हा मिनिमम बॅलन्स चढत जातो, आणि एकदा चढला की सहसा पुरता उतरत नाही. मिनिमम बॅलन्सचा दंड कापला गेला की माणसं काउंटरवर येऊन आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. तीच माणसं घरी जाऊन आपल्या प्रोसेसरचा मिनिमम बॅलन्स स्वतःच्या हाताने वाढवतात.

हे माझ्या मनचं पुराण नाही. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले कित्येक डेस्कटॉप प्रोसेसर कारण नसताना अडखळू लागले. तपास करून इंटेलने जाहीर केलं, की प्रोसेसरमधला मायक्रोकोड चुकीने जास्त व्होल्टेज मागत होता. त्या दुखण्याचं नावच मुळी 'व्हीमिन शिफ्ट' ठेवलं गेलं. त्या ऑगस्टमध्ये आलेल्या दुरुस्तीने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला लगाम घातला आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जो प्रोसेसर आधीच झिजला होता, तो त्या दुरुस्तीने बरा होत नव्हता. बदलूनच घ्यावा लागत होता. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही एक्स-थ्री-डी प्रोसेसर तर सॉकेटसकट जळाले, आणि कंपनीला एसओसी नावाच्या व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालावी लागली. लक्षात घ्या, यातल्या अनेक गिऱ्हाइकांनी स्वतः काहीसुद्धा केलेलं नव्हतं. ज्यांनी प्रोसेसर बनवला त्यांचंच व्होल्टेजचं गणित जिथे चुकू शकतं, तिथे रात्री दीड वाजता, एका हातात चिवड्याची वाटी धरून, दुसऱ्या हाताने आकडे वाढवणाऱ्या पोराने किती भरवसा बाळगावा?

आता प्रतिपक्षाचे मुद्दे घेतो. ते ठरलेले आहेत.

पहिला मुद्दा : "कंपन्या मुद्दाम वेग कमी ठेवून विकतात." हे एके काळी पुष्कळ खरं होतं. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. विकत घेताना तो ३०० मेगाहर्ट्झचा. पण बसचा वेग ६६ वरून १०० वर नेला की तोच ४५० ला धावायचा, आणि बरेचसे नग तर व्होल्टेजला हात न लावता धावायचे. पैसे थर्डक्लासचे देऊन फर्स्टक्लासमध्ये बसायला मिळालं तर कोण सोडेल? पण ते दिवस गेले. आता प्रोसेसर स्वतःच तापमान आणि भार बघून आपला वेग जमेल तितका चढवतो. त्याला टर्बो म्हणतात. रसवंतीवाला ऊस चार वेळा चरकातून काढतो, शेवटी लिंबू आणि आलं घालून दुमडून पाचव्यांदा काढतो. त्यानंतर उरलेलं चिपाड घरी आणून पिळत बसणं म्हणजे आजचं ओव्हरक्लॉकिंग. रस चमचाभर निघतो आणि हात सोलतात.

दुसरा मुद्दा : "मी मोठा कूलर बसवलाय." बसवला असशील. कूलर घाम पुसतो, हाडांची झीज भरून काढत नाही. तापमान कमी ठेवलं तर झीज मंदावते हे मान्य. पण व्होल्टेजचा स्वतःचा मार वेगळा असतो आणि तो पंख्याच्या वाऱ्याने जात नाही.

तिसरा मुद्दा : "मी ऑटोवर ठेवलंय." ऑटो या शब्दावर आंधळा विश्वास ठेवू नये, हे ज्याने रेल्वे स्टेशनबाहेर रात्री रिक्षा केली आहे त्याला सांगायला नको. वेगाचा आकडा वाढवून व्होल्टेज 'ऑटो'वर सोडलं की पुष्कळ मदरबोर्ड सढळ हाताने व्होल्टेज सोडतात. त्यात त्यांचं जात नाही काही. आज संगणक बंद पडला तर गिऱ्हाईक मदरबोर्डला शिव्या देईल. तीन वर्षांनी प्रोसेसर मेला तर नशिबाला देईल. तसंच ते 'लोड लाइन कॅलिब्रेशन'. सोसायटीचा पंप सुरू झाला की दिवा जरा मंद होतो ना? तसं प्रोसेसरवर एकदम भार आला की व्होल्टेज किंचित खाली बसतं. हे बसणं मुद्दाम ठेवलेलं असतं. ते सहन न होऊन काही जण ही सेटिंग टोकाला नेतात. मग भार एकदम उतरला की व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं. ती उसळी इतकी क्षणिक असते की पडद्यावरच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून ती नाहीच असं ही मंडळी समजतात. आमच्याकडे असे हिशेब लिहिणारे लोक पुढे चौकशी समितीसमोर दिसतात.

चौथा मुद्दा : "वॉरंटी आहे." मुळात, ओव्हरक्लॉक करून बिघडवलेला प्रोसेसर इंटेलच्या नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. इंटेलने २०१२ साली यासाठी निराळे पैसे घेऊन एक योजना काढली होती. तुम्ही हौसेने प्रोसेसर मारलात तर एकदा बदलून मिळायचा. म्हणजे आत्महत्येचा विमा! तीसुद्धा २०२१ मध्ये बंद झाली. विमा कंपनी जो धंदा सोडून देते, त्यात आपण उतरू नये, एवढं तर बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

पण हे सगळे मुद्दे मी सोडून द्यायला तयार आहे. प्रोसेसर तुमचा, पैसे तुमचे, खोली तुमची. तापवा हवी तेवढी. माझा खरा आक्षेप निराळाच आहे, आणि तिथे मी एक पैसाही सोडणार नाही.

माझ्या बहिणीच्या सोसायटीचा हिशेब त्याच संगणकावर असतो. मेव्हणे खजिनदार आहेत. छप्पन सभासदांचा मेंटेनन्स, सिंकिंग फंड, पाण्याच्या टँकरची बिलं, सगळं त्यात. बॅकअपची दाबून ठेवलेली फाइल एके दिवशी उघडेना. दुसऱ्यांदा केली, तीही उघडेना. मेव्हणे मला म्हणाले, "अहो, जरा बघता का? वार्षिक सभा रविवारी आहे." भाचा आला आणि हसत म्हणाला, "काही नाही बाबा, थोडंसं अनस्टेबल आहे. व्होल्टेज वाढवतो."

'थोडंसं अनस्टेबल'! म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. म्हणजे हे यंत्र मधूनमधून चुकीची बेरीज करतं. बंद पडतं तेव्हा निदान कळतं तरी. पण दर वेळी ते बंद पडतंच असं नाही. कधी एखादा आकडा मठ्ठ्यासारखा भलत्याच पानात पडतो आणि पंगत तशीच पुढे चालू राहते. मी वीस वर्षं कॅश मोजतो आहे. दहा रुपये कमी आले म्हणून रात्री साडेआठपर्यंत पाच-पाच माणसं थांबलेली मी पाहिली आहेत. आणि त्या दहा रुपयांसाठी कोणी थांबत नव्हतं, ताळा जुळला पाहिजे म्हणून थांबत होतं. हळू मोजणारा कॅशियर आम्ही चालवून घेतो. चुकीचं मोजणारा भरभर मोजत असला तर तो जास्त धोक्याचा, कारण तो तासाभरात जास्त चुका करतो.

मी भाच्याला म्हटलं, "वेग खाली आण. चार गिगाहर्ट्झ कर, व्होल्टेज मूळचं कर आणि मग बॅकअप घे." तो म्हणाला, "मामा, पाच टक्के जातील." मी म्हटलं, "जाऊ देत. छप्पन सभासदांपैकी एकानेही टाळेबंद पाच टक्के लवकर मागितलेला नाही." बॅकअप उघडला. सभा नेहमीसारखी भांडणात पार पडली, पण भांडण पार्किंगवरून झालं, आकड्यांवरून नाही.

यावर प्रतिपक्षाचं शेवटचं हत्यार निघतं : "टेस्ट पास झाली की!" कोणती टेस्ट? प्राइम-९५ नावाची एक आहे. १९९६ पासून चालू असलेल्या, मेर्सेन नावाच्या मूळ संख्या शोधण्याच्या उपक्रमातलं ते सॉफ्टवेअर. ज्यांची उत्तरं आधीपासून माहीत आहेत अशी राक्षसी गणितं ते प्रोसेसरकडून करून घेतं आणि ताळा बघतं. सज्जन कार्यक्रम आहे, आमच्या ऑडिटरसारखाच. पण ही मंडळी तो दहा मिनिटं चालवतात आणि 'स्टेबल' म्हणून शिक्का मारतात. दहा मिनिटांत ऑडिट संपवणारा ऑडिटर आम्हालाही आवडतो. पण का आवडतो ते आम्हीच जाणतो.

मग संगणकाला हात लावूच नये का? जरूर लावा. हौस मलाही समजते. फक्त दिशा बदला. कारखान्यात प्रत्येक प्रोसेसरच्या पोटात कोणत्या वेगाला किती व्होल्टेज याचा तक्ता कोरलेला असतो, आणि त्यात सुरक्षिततेसाठी थोडी जास्तीची रक्कम धरलेली असते. तुमच्या नगाला बहुधा तेवढी लागत नाही. तेव्हा वेग तोच ठेवा आणि व्होल्टेज एका वेळी ०.०१ ने उतरवा; एएमडीच्या नव्या प्रोसेसरमध्ये यासाठी 'कर्व्ह ऑप्टिमायझर' नावाची सोय आहे. प्रत्येक पायरीला ताळा बघा, दहा मिनिटं नव्हे, रात्रभर. अडखळला की एक-दोन पायऱ्या वर या आणि थांबा. १.२० चे १.१० झाले तर त्याच वेगाला वीज सोळा टक्क्यांनी कमी. प्रोसेसर थंड राहतो आणि थंड राहिला की टर्बो जास्त वेळ टिकतो, म्हणजे कधी कधी वेगसुद्धा पदरात पडतो, तोही फुकट. व्होल्टेज फार कमी झालं तर हिशेब तिथेही चुकतो, म्हणून परीक्षा हवीच. पण त्याने प्रोसेसर झिजत नाही. आकडा परत वर केला की गडी पुन्हा ठणठणीत. वाढवून बिघडलेल्याला मात्र परतीचं तिकीट नाही.

या उद्योगात पडद्यावर मिरवायला मोठा आकडा मिळत नाही, मित्रांना फोटो पाठवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. काटकसरीचे फोटो कोणी काढत नाही. पण 'थोडंसं' म्हटल्याशिवाय ज्यांना चैनच पडत नाही, त्यांनी त्या शब्दामागे उणे चिन्ह लावण्याची सवय करावी. बँकेच्या खात्यात मायनसचा आकडा दिसला की आमच्या पोटात गोळा येतो. प्रोसेसरच्या व्होल्टेजपुढचं मायनस हे मला ठाऊक असलेलं एकमेव मायनस, ज्यावर दंड लागत नाही, नोटीस येत नाही आणि साहेब केबिनमध्ये बोलावत नाहीत.